तुला विंगला कोणी टाकलं

अंगात टीमची जर्सी होती आणि हातात पुऱ्यांची पाटी.

सामना संपून तासही झाला नव्हता. गुडघ्यावरचं रक्त वाळलं नव्हतं, केसांत गवत तसंच होतं. हसनाबादच्या पोरींना आम्ही हरवलं होतं आणि शेवटची ट्राय मी मारली होती. ट्राय म्हणजे बॉल छातीशी घट्ट धरून पळायचं आणि रेषेपलीकडं जाऊन तो जमिनीला टेकवायचा. रग्बीत त्याचे सगळ्यात जास्त गुण मिळतात. सामन्यानंतर दोन्ही टीमा अण्णांच्या अंगणात जेवायला बसल्या होत्या. या खेळाची रीतच तशी आहे. ज्यांना मातीत लोळवलं त्यांनाच जेवू घालायचं, आणि शेजारी बसून खायचं. सरांनी आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला ती रीत फार आवडली होती.

मीही बसले होते. पुरीचा तुकडा मोडला होता, भाजीत बुडवला होता. तेवढ्यात काकू आल्या. काकू म्हणजे अण्णांची बायको, ऋतुजाची आई. ऋतुजा आमची कॅप्टन. घर त्यांचं, अंगण त्यांचं, आम्ही ज्यावर खेळलो ते रानही त्यांचंच. काकू माझ्यासमोर थांबल्या. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. चूल विझली का बघ म्हणावं तितक्या सहज बोलल्या.

"तू कुठं बसली गं? तुझी माय एकटीच राबून राह्यली मागं. ऊठ, पुऱ्या घे वाढायला."

माझी माय त्यांच्या मोसंबीच्या बागेत कामाला. घरात काही कार्य असलं की मागच्या पडवीत भांडी आणि पुऱ्या लाटणंही तिच्याकडंच. मी मागं पाहिलं. माय दारात उभी होती, हाताला पीठ. तिनं मानेनंच खुणावलं, ये.

मी उठले. पाटी घेतली. पंगतीत वाढू लागले.

हसनाबादची एक पोरगी होती, धिप्पाड, हसरी. सामन्यात मी तिला दोनदा कमरेला मिठी मारून पाडलं होतं. तिच्या ताटात पुरी टाकली तर ती माझ्या जर्सीकडं बघत राहिली. म्हणाली, "तू तर आत्ता खेळत होतीस ना? जेवत न्हाई का?"

माझ्याआधी ऋतुजानं उत्तर दिलं. तोंडात घास होता तिच्या.

"ती आमच्या घरचीच हाये."

हसनाबादची पोरगी हसली. तिला ते प्रेमाचं वाटलं असेल. मी पुढं सरकले. ऋतुजाच्या ताटात दोन पुऱ्या टाकल्या. तिची जर्सी आणि माझी जर्सी एकाच रंगाची, एकाच दुकानातली. तिच्या पाठीवरचा चिखलसुद्धा माझ्यासारखाच. ती खात होती आणि मी वाढत होते. त्या दिवशी मला काय झालं ते सरळ सांगते. मला रडू आलं नाही. मी जळले. पायाच्या नखापासून जळले.

आता मागचं सांगते.

आमचं गाव बदनापूरपासून आत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या पलीकडं. वस्तीचं नाव घेतलं की बदनापूरच्या स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा आमची जात ओळखतो, म्हणून मी ती वेगळी सांगत बसत नाही. मी नववीत असताना शाळेत खेळाचे नवे सर आले. त्यांनी कुठूनतरी लांबुळका बॉल आणला. पोरं म्हणाली, हे पपईसारखं काय आणलं. सर म्हणाले, हा रग्बीचा बॉल आहे, हा खेळ महाराष्ट्रातल्या पोरी देशासाठी खेळतात, तुम्ही का नाही.

मुलांची टीम दोन दिवसांत भरली. त्यात आमच्या वस्तीतला एकही नव्हता. मुलींची भरेना. गावातल्या आया म्हणायच्या, पोरीच्या जातीनं मातीत लोळायचं म्हणजे काय. सात जणींचा खेळ, आणि सर घरोघर फिरूनही सात होईनात. म्हणून मी. पडक्या भिंतीला दगड कमी पडला की मग कुणी त्याला कुठला म्हणून विचारत नाही, तशी माझी भरती झाली.

शाळेला मैदान नव्हतं. अण्णांनी सोयाबीन काढून झालेलं रान दिलं, मोसंबीच्या बागेला लागून. लेक खेळणार म्हटल्यावर देणारच. सर त्यांच्यापुढं हात जोडूनच उभे राहायचे.

पहिल्या दिवशी सरांनी स्क्रम शिकवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही टीमच्या तीन-तीन पोरी एकमेकींच्या खांद्यात हात घालून वाकतात आणि समोरासमोर भिडतात. डोक्याला डोकं नाही, डोकं समोरच्याच्या कानाशी जातं, गालाला गाल लागतो. मधे बॉल टाकतात आणि मग रेटायचं. कडेला उभ्या असतात त्यांना प्रॉप म्हणतात. प्रॉपनं समोरच्या प्रॉपची जर्सी पाठीवर मुठीत धरायची असते. सोडायची नाही.

सरांनी मला एका बाजूला प्रॉप केलं, ऋतुजाला माझ्या समोर. आम्ही भिडलो. तिच्या केसांतलं खोबरेल माझ्या गालाला लागलं. तिच्या वेणीचं टोक माझ्या तोंडात गेलं, मी थू थू केलं, ती खदाखदा हसायला लागली आणि आम्ही दोघी हसत हसत तिथंच कोसळलो. तिचा हात माझ्या पाठीवर तसाच होता. मुठीत माझा शाळेचा शर्ट. एका बागेत माझी माय मोसंबी तोडायची आणि तिचा बाप ती विकायचा, पण तेवढा वेळ दोघींना श्वास सारखाच लागला होता.

बांधावर अण्णांची गाडी उभी होती. काच खाली होती. आत काकू होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर काकू सरांशी बोलत होत्या. काय ते ऐकू आलं नाही. सर मान खाजवत हसत होते. गाडी गेल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, तू विंगला खेळ. विंग म्हणजे टीमची शान. तू पळतीस छान.

विंग म्हणजे सगळ्यात कडेची जागा. रेषेला चिकटून एकटीनं उभं राहायचं. बॉल फिरत फिरत शेवटी आपल्याकडं येतो, आला तर आला. विंगवालीला स्क्रममध्ये जावं लागत नाही. तिला कुणी खांद्यात धरत नाही आणि तिनं कुणाला धरायचं नसतं.

मी हरखले. घरी येऊन मायला म्हणाले, मी टीमची शान आहे. माय म्हणाली, बराबर हाये, आधी भाकरी खा.

तेव्हापासून मी कडेला. पळत होते, पण खरं सांगायचं तर काही हरणीसारखी नव्हते. माझे पाय जाड, खांदे रुंद. बागेत मायबरोबर मोसंबीची कॅरेट उचलून उचलून मान पैलवानासारखी झालेली. पोरी मला मागं टाकून जायच्या. तरी मी पळायचे. शान होते ना.

आणि कडेला उभी राहून मी बघायचे. स्क्रम लागली की ऋतुजा आणि बाकीच्या एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. उठायच्या तेव्हा सगळ्यांचे कान लाल. ऋतुजाचा डावा कान घासून घासून सुजायचा. पुढं पुढं तो वरून जरा जाडच झाला, गाठ आल्यासारखा. ती त्याला बर्फ लावायची, पट्टी बांधायची, आणि ऐटीत मिरवायची. मला तिच्या बुटांचा हेवा नव्हता. बूट महाग होते, तिकडं मी बघितलंच नाही. तिच्या दातांवरच्या रबरी कवचाचा, बदामाच्या दुधाचाही नव्हता. मला हेवा होता तिच्या कानाचा. त्या सुजलेल्या, चुरगाळलेल्या कानासाठी मी झुरायचे. घरी आरशात माझे कान बघायचे. साफ. कोरे. नुकत्या जन्मलेल्या लेकरासारखे. विंगवालीचे कान.

आमच्याकडं म्हणतात, जळणाऱ्याचं घर आधी जळतं. मायनं कितीदा तरी मला हे ऐकवलंय. पण मी एक गोष्ट बघितली आहे. माय काकूंवर कधीच जळली नाही. काकूंच्या अंगावर नवी साडी दिसली की माय कौतुकानं सांगायची, बाईला काय खुलली. का जळेल ती? मनातल्या मनातही तिनं स्वतःला काकूंच्या शेजारी कधी उभं केलं नाही. मी जळत होते, कारण एकदा मी ऋतुजाच्या गालाला गाल लावला होता आणि मला ठाऊक होतं की आमची दोघींची उंची एकच आहे.

शाळा सुटली. मी बारावीपर्यंत ओढत नेलं, मग बागेत. खेळ मात्र सुटला नाही. टीम तीच राहिली, तालुक्याच्या स्पर्धा झाल्या, जिल्ह्याच्या झाल्या. मग बातमी आली. आता देशभराची रग्बी लीग होणार, शहराशहरांच्या टीमा, टीव्हीवर सामने. पुरुषांची तशी बायांचीही. त्याच मैदानावर, त्याच दिवशी. सरांनी आम्हाला मोबाईलवर दाखवलं. आयुष्यात मला एवढी कुठलीच गोष्ट हवीशी वाटली नव्हती. मोसंबीच्या झाडाखाली बसून मी स्वतःला त्या दिव्यांच्या उजेडात पळताना बघायचे. मायला म्हणाले, एकदा मला त्यात घेतलं ना, की तुला पुऱ्या लाटाव्या लागणार न्हाईत. माय म्हणाली, आधी घेऊ तर दे.

निवड संभाजीनगरला होती. आमच्या गावातून दोघी जणी, ऋतुजा आणि मी. ऋतुजा अण्णांच्या गाडीतून गेली. सर तिच्याबरोबर. मला सर म्हणाले, तू पॅसेंजरनं ये, गाडीत जागा न्हाई. मी बदनापूरच्या फाटकाशी उभी होते तेव्हा ती गाडी माझ्यासमोरूनच गेली. मागच्या सीटवर तिची किटबॅग एकटी बसली होती. बॅगेचाही हेवा करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

निवडणाऱ्यांमध्ये एक बाई होत्या. पूर्वी देशाकडून खेळलेल्या, आता शिकवायच्या. हिंदीत बोलायच्या. आधी पळायला लावलं. विंगच्या पोरी एका ओळीत. शिट्टी वाजली आणि परभणीची, नगरची, कुठल्या कुठल्या पोरी माझ्यापुढून भुर्र गेल्या. मी जीव तोडला. शेवटून दुसरी आले. तिथंच माझं नाव कटायचं, पण त्या बाई माझ्याजवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबून बघितला. मानेवर मागून हात फिरवला, बैल घेताना बघतात तसा, पण मला ते वाईट वाटलं नाही.

"ये तो प्रॉप के कंधे हैं. तुझे विंग पे किसने डाला?"

मी म्हणाले, सरांनी.

"क्यूँ?"

मी पळते छान, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत्ताच त्यांनी मला पळताना बघितलं होतं.

त्यांनी मला स्क्रममध्ये उभं केलं. शेजारी दोन पोरी, एक लातूरकडची, दुसरीचं गाव मला कळलंच नाही. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच. वाकल्या आणि माझ्या पाठीवरून हात टाकून जर्सी पकडली. कचकन. माझ्या अंगावर काटा आला. माझ्याच बाजूच्या पोरीनं मला असं धरायची मला सवयच नव्हती. माझे हात कुठं ठेवायचे ते मला कळेना. डोकं चुकीच्या बाजूला गेलं. मी रेटलं, ताकदीनं रेटलं, पण पाठ वाकडी होती. स्क्रम कोसळली. पुन्हा लावली. पुन्हा कोसळली, माझ्याच बाजूनं. शिट्टी.

बाईंनी मला बाहेर काढलं. म्हणाल्या, ताकद आहे, पण तुला कुणी शिकवलेलंच नाही. पुढच्या वर्षी प्रॉप होऊन ये, विंगवाली म्हणून येऊ नकोस. मग त्यांनी पलीकडच्या स्क्रमकडं बोट केलं. तिथं ऋतुजा रेटत होती. पाठ सपाट, पाय जमिनीत रुतलेले. खोटं कशाला बोलू, ती चांगली खेळते. खांदे माझ्या निम्मे पण नाहीत, तरी चांगली खेळते. ती शिकली होती. मला जिथून काढलं, तिथं राहून शिकली होती.

तिची निवड झाली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीशी बसले. करमाडच्या पुढं कुठंतरी गाडी थांबली होती आणि माझ्या डोक्यात तो प्रश्न घोळत होता. क्यूँ. का टाकलं मला विंगला? आणि बांधावरची ती गाडी आठवली. खाली केलेली काच आठवली. मान खाजवणारे सर आठवले. मी शान नव्हते. अण्णांच्या लेकीच्या गालाला माझा गाल लागू नये म्हणून मला कडेला ठेवलं होतं. आमची वस्ती गावाच्या कडेला, आणि मी मैदानाच्या. इतकी वर्षं मी त्या कडेवर छाती काढून उभी होते.

शेजारच्या बाईनं विचारलं, बरं न्हाई का? मी म्हणाले, बिलकुल बरी हाये.

गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. ऋतुजाचा हसरा चेहरा, गावची लेक, देशाच्या लीगमध्ये. खाली शुभेच्छुकांची रांग. फोटोत डावा कान स्पष्ट दिसत होता, गाठीसकट. बागेत जाता-येता मला तो कान बघावा लागायचा. मी मान वळवून जायचे, आणि पुढं गेल्यावर पुन्हा मागं वळून बघायचे.

थोड्या दिवसांनी सर घरी आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, ऋतुजाला कॅम्पच्या आधी सराव लागतो, पॅड धरायला दणकट माणूस पाहिजे, बाकीच्या पोरी उडून पडतात, तू ये. पॅड म्हणजे जाड गादी. ती छातीशी धरून उभं राहायचं आणि समोरचीनं येऊन आदळायचं. मायनं माझ्याकडं पाहिलं. बागेतलं काम त्यांच्याकडं. मी गेले.

त्याच रानात. काकू बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऋतुजा आली, नवी जर्सी, लीगच्या टीमची. मला बघून मनापासून हसली. तिच्या मनात काही नव्हतं. हेच तर मला सहन होत नाही. तिला मनात काही ठेवायची गरजच पडत नाही. जळायचं मी, आठवायचं मी, पाठीवर कुणाचा हात होता नि केव्हा सुटला, ते सगळं मी. ती मोकळी.

ती आदळली. मी हलले नाही. पुन्हा आदळली. तिचं डोकं गादीत, खांदा गादीत. गादीपलीकडं मी. चार बोटं जाडीची गादी मधे. तिचा श्वास ऐकू येत होता, पण तिचं काहीच मला लागत नव्हतं. सर ओरडत होते, शाब्बास ऋतुजा, अजून जोरात. मी उभी. मार खायला माझी छाती चालते. गाल चालत नाही.

मी पॅड खाली टाकलं.

म्हणाले, "पॅड न्हाई धरणार. प्रॉपला समोर प्रॉप लागतो. ये, मला धर."

ऋतुजा थांबली. तिचा हात उचलला गेला होता, मी पाहिलं. शिकलेलं अंग आपोआप पुढं येतं तसा. मग तिनं बांधाकडं पाहिलं. हात खाली आला.

काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "काय चालू हाये? पॅड धर म्हणलं ना तिला."

मी काकूंकडं बघितलं नाही. ऋतुजाला विचारलं, "मला विंगला कामून टाकलं होतं, म्हायती हाये का तुला?"

ती गोंधळली. खोटं बोलता आलं असतं तिला. बोलली नाही.

"म्हायती हाये," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुला बी म्हायती हाये."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. स्क्रममध्ये दोन प्रॉपच्या मधे वाकणाऱ्या हुकर पोरीला, गोलंदाजीतून काढून रग्बीत आणलेल्या त्या उंच पोरीला, मुलांच्या टीमला. सगळी टीम, सगळे सामने, सगळ्या जिंकलेल्या ढाली, आणि त्या सगळ्यांत फक्त मला वाटत होतं की मी शान आहे. त्यांना वाटत होतं मी समजून उमजून उभी आहे. मला पटलंय. आमच्यातल्यांना पटतंच.

सर जवळ आले. आवाज खाली करून म्हणाले, "ग्राउंड त्यांचं हाये पोरी. मी काय करणार व्हतो? खेळायला तर मिळालं ना तुला."

सरांवर मला राग आला नाही तेव्हा, नंतर आला. मी ऋतुजाला म्हणाले, "तू त्या दिवशी म्हणलीस, मी तुमच्या घरची हाये. मी तुमच्या घरची न्हाई. मी तुझ्या टीमची होते."

आणि मी निघाले. मागून सर ओरडले, अगं ते पॅड तर उचलून ठेव. मी थांबले नाही. ज्याचं आहे त्यानं उचलावं.

दुसऱ्या दिवशी मायला बागेतून निरोप आला, सध्या माणूस लागत न्हाई. झाडाला मोसंबी लोंबत होती आणि माणूस लागत नव्हता. माय माझ्याशी बरेच दिवस धड बोलली नाही. ताट पुढं सारायची आणि तोंड फिरवायची. आता ती लांब एका बियाण्याच्या प्लॉटवर जाते, कपाशीच्या फुलांचं क्रॉसिंग करायला, एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायला. उन्हात चालत जाते. तिचे पाय सुजतात. हे माझ्यामुळं झालं, हे ती बोलून दाखवते आणि मी ऐकून घेते. पण मधे एकदा अण्णांकडून कार्यासाठी बोलावणं आलं, पुऱ्या लाटायला. माय म्हणाली, मला जमणार न्हाई. एवढंच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ते कार्य म्हणजे लीगचा सामना मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. सगळं गाव अण्णांच्या अंगणात. मी घरी मोबाईलवर बघितला. आधी पुरुषांचा झाला, मग बायांचा. ऋतुजा मैदानात आली. दिवे, गाणी, नाव पुकारणारा माणूस. तिथं मी असायला पाहिजे होते. ती नको, असं नाही. मीही. मी बोलून चालून जळकी, म्हणून हेही सांगते की ती पडावी, तिचा बॉल सुटावा, असं मला दोन-तीनदा मनापासून वाटलं.

मग स्क्रम लागली.

ऋतुजाच्या समोर एक काळीसावळी, ठेंगणी पोरगी होती. ओडिशाच्या आदिवासी गावातली, बोलणाऱ्यानं सांगितलं. शेजारची हुकर मणिपूरची. ऋतुजा वाकली. तिचा गाल त्या पोरीच्या गालाला लागला, तिचा हात पुढं गेला आणि तिनं त्या पोरीची जर्सी मुठीत आवळली. जराही न अडखळता. बांधाकडं न बघता. तिथं काकू काय करणार होत्या? कुठल्या बांधावर गाडी उभी करून कुणाशी बोलणार होत्या? स्क्रम कोसळली, दोघी एकमेकींवर पडल्या, उठल्या, आणि ऋतुजानं त्या पोरीला हात देऊन उभं केलं. अंगणातून टाळ्यांचा आवाज नाल्यापलीकडं आमच्या वस्तीपर्यंत आला. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. काकूही वाजवत असतील.

म्हणजे तिला धरता येत होतं. नेहमीच येत होतं. फक्त मला धरायचं नव्हतं.

त्या पोरीवरही मी जळले. तिचं नावही मला नीट ऐकू आलं नव्हतं.

मोबाईल ठेवून मी उठले. त्या आठवड्यात वस्तीतल्या पोरी गोळा केल्या. प्लॉटवर जाणाऱ्या दोघी, दहावी नापास झालेल्या, एक शिवणकाम शिकणारी, एक लग्न मोडून परत आलेली. सात व्हायला वेळ लागला, झाल्या. गायरानात खेळतो. तिथं खडे आहेत, गुडघे फुटतात, पण ते रान कुणाच्या बापाचं नाही. बॉल जुना, शिवून घेतलेला. पॅड आमच्याकडं नाही. असतं तरी मी वापरलं नसतं. नवी पोरगी आली की मी तिला पहिल्या दिवशी पळायला लावत नाही. आधी वाकायला लावते, गालाला गाल, मुठीत जर्सी. लाजतात, हसतात, केस तोंडात जातात. मी म्हणते, सोडायचं न्हाई. मानेचा व्यायाम मी दगडाच्या ट्रॉलीला रेटून करते. ज्या बाईंनी मला खांद्याला हात लावून बघितलं त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर लावून पाठ सरळ ठेवायला शिकते. पाठ आता वाकत नाही.

काल आरशात बघितलं. माझा डावा कान वरून सुजलाय. हात लावला तर ठणकतो. बर्फ आणायला फाट्यापर्यंत जावं लागतं, म्हणून लावला नाही. ठणकू दे.

पुढच्या वर्षी निवड आहे. मी प्रॉप म्हणून जाणार आहे. तेव्हा नाही घेतलं तर त्याच्या पुढच्या वर्षी जाणार आहे, गुडघे शाबूत आहेत तोवर जाणार आहे. आणि मला ऋतुजाच्या टीमची जर्सी नको. मला तिच्या समोरची टीम पाहिजे. तिथं दिवे असतील, टीव्ही असेल, अण्णांच्या अंगणात पडदा लावलेला असेल आणि काकू पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. स्क्रम लागेल. मी वाकेन. माझा सुजलेला कान तिच्या सुजलेल्या कानाला लागेल, आणि तिला हात पुढं करून माझी जर्सी मुठीत धरावी लागेल. सगळ्या गावासमोर.

नाही धरली, तर शिट्टी वाजेल. खेळाचा नियम आहे.